शटडाउनला ‘ठप्प’ म्हणणं थांबवा

अक्षरशत्रू : १ ऑक्टोबर २०२५ला अमेरिकी संसदेत सरकारी खर्चाची मंजुरी अडकली, बरीच सरकारी कामं थांबली आणि आपल्या बातम्यांनी ‘अमेरिका ठप्प’ ठोकून दिलं. ते प्रकरण ४३ दिवस चाललं. तेवढे दिवस हवाई वाहतूक नियंत्रक कामावर होते, फक्त बिनपगारी. कसलं ठप्प? सरळ शटडाउन लिहा.

उलटतपासणी : इंग्रजी शब्द जसाच्या तसा ठेवला की वाचकाला कळतो, हा भाबडेपणा आहे. ‘कामबंद’मध्ये काय कमी आहे?

अक्षरशत्रू : कामबंद म्हटलं की आंदोलन डोळ्यांपुढे येतं. इथे बाकीचे कर्मचारी काम करायला तयार, पण त्यांना घरी बसवलं होतं. टाळेबंदी तर नकोच. मालकाने कारखान्याला टाळं ठोकण्याचा तो शब्द, २०२०मध्ये लॉकडाउनला जुंपला. आता त्याचा नक्की अर्थ कोण सांगणार?

खांबावरून : आमच्या विजेच्या लाइनीवर शटडाउन घेतात आणि काम झालं की परत करतात. आधी उपकेंद्रातून परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी. मग फीडर (उपकेंद्रातून वीज आणणारी लाइन) बंद, आयसोलेटर (लाइन तोडून वेगळी करणारा स्विच) उघडा, तारेत व्होल्टेज नाही ना हे तपासा, कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करा, म्हणजे तार जमिनीला जोडा, आणि मगच वर चढा. उतरल्यावर माणसं मोजायची, अर्थिंग काढायचं, तेव्हा कुठे परमिट परत. ‘लाइन बंद आहे’ एवढ्यावर शहाणा माणूस खांबाला हात लावत नाही. कुणाचा जनरेटर उलटा जोडलेला असला तर बंद लाइनीतही करंट येतो. शटडाउन आणि बंद यांत हा फरक आहे, साहेब.

कळफलक : संगणकाची तर गंमतच. विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप (संगणक लवकर सुरू करण्याची सोय) चालू असेल तर शटडाउन दाबल्यावर कर्नलची, म्हणजे विंडोजच्या गाभ्याची, स्थिती डिस्कवर जपून ठेवतात. सगळं पहिल्यापासून सुरू व्हायला हवं असेल तर रीस्टार्ट! हे नाव देणाऱ्याचा सत्कार करायला हवा.

उलटतपासणी : म्हणजे शब्द मूळ इंग्रजीतच फसवा आहे, मग त्याचा एवढा पुळका का? ११ मार्च २०११ला फुकुशिमा दाइइचीच्या चालू असलेल्या तिन्ही अणुभट्ट्या भूकंपानंतर आपोआप शटडाउन झाल्या, अगदी नियमाप्रमाणे. पण साखळी अभिक्रिया थांबली तरी इंधन तापतच राहतं; सुरुवातीला ती उष्णता पूर्ण क्षमतेच्या ६-७ टक्के असते. त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडाले, थंड करणारं पाणी फिरेना, इंधन वितळलं. ‘भट्ट्या शटडाउन’ एवढंच वाचणारा मात्र निर्धास्त. काय थांबलं आणि काय चालू आहे, हे लिहायलाच हवं.

अक्षरशत्रू : मथळ्यात एवढं कुठे मावणार?

उलटतपासणी : ‘निधीअभावी अमेरिकी सरकारचं काम अंशतः बंद.’ मावलं की!

अक्षरशत्रू : ‘अंशतः’ मान्य. ‘बंद’वर ‘खांबावरून’ काय म्हणतात ते वर वाचा.