चेंगडूमध्ये ३ महिने : काय खावे, कुठे खावे आणि कसे मागावे?

प्रश्न : रत्नागिरीची लेक

नमस्कार. कंपनीच्या कामासाठी मला सप्टेंबरपासून ३ महिने चीनमधील सिचुआन प्रांताच्या राजधानीत, म्हणजे चेंगडूत, राहायचे आहे. मूळ रत्नागिरीची असल्यामुळे मासे, कोंबडी आणि मटण मला चालते. गाईचे व डुकराचे मांस मात्र मी खात नाही. यजमान पूर्ण शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत, आणि ते शेवटचे २ आठवडे माझ्याकडे येणार आहेत.

ज्यांना म्हणून हे सांगितले त्या सर्वांनी मला मेतकूट किती न्यावे, थालीपिठाची भाजणी किती न्यावी आणि खाकऱ्याची किती पाकिटे पुरतील, एवढेच सांगितले. माझा प्रश्न तो नाही. ३ महिने जायचेच आहे, तर तिथले खाणे तिथल्या लोकांप्रमाणे आवडीने खावे अशी माझी इच्छा आहे. रस्त्यावर काय खावे, उपाहारगृहात कसे मागवावे, तिथले तिखट आपल्याला कितपत झेपते आणि यजमानांचे काय करावे, याविषयी प्रत्यक्ष राहून आलेल्यांनी लिहिल्यास उपकार होतील.

उत्तर १ : झाकणकप

मी चेंगडूत ४ वर्षे नोकरी केली, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो. आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. आपल्याकडे संध्याकाळी चौकात लाल गाडीवर जे 'चायनीज' मिळते, त्याचा तिथे मागमूसही नाही. मंचुरियन मुंबईतच जन्माला आले, आणि चायनीज भेळेविषयी तर बोलायलाच नको. चेंगडूला युनेस्कोने २०१० मध्ये पाककलेचे शहर म्हणून मान दिला. तिथले लोक जेवताना पुढच्या जेवणाविषयी बोलतात, हे मी चार वर्षे रोज ऐकले आहे.

तिखटाविषयी विचारलेत, तर तुम्हाला अडचण मिरचीची येणार नाही, ह्वाच्याओची येईल. हे तिथले मिरे म्हणून ओळखले जाते, पण मिऱ्याशी त्याचे काही नाते नाही. त्याचे खरे नाते तुमच्या तिरफळाशी आहे. दोन्ही झाडे एकाच कुळातली, दोन्ही काटेरी, आणि दोहोंचेही काळे बी टाकून देऊन फक्त वरची साल वापरायची. फरक असा की बांगड्याच्या कालवणात आपण ७-८ तिरफळे ठेचून घालतो आणि जेवताना ती बाजूला काढतो, तर सिचुआनमध्ये ह्वाच्याओ मूठमूठ पडते. त्यातील सँशूल नावाच्या द्रव्यामुळे ओठांना मुंग्या येतात. लंडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ही थरथर मोजली, तेव्हा ती सेकंदाला सुमारे ५० कंपनांइतकी भरली. या बधिरपणाला 'मा' म्हणतात, मिरचीच्या तिखटाला 'ला', आणि दोन्ही मिळून 'माला'. पहिल्या आठवड्यात पाण्याचीसुद्धा चव आंबूस-खारट लागेल. घाबरू नका, तो आजार नव्हे.

आता गोमांसाविषयी, कारण इथे आपली माणसे हमखास फसतात. सिचुआनचा हॉटपॉट म्हणजे टेबलाच्या मधोमध उकळणारे लाल भांडे. त्यात मांस, मासे, कमळकाकडी, टोफू, भाज्या यांपैकी जे हवे ते स्वतः बुडवून शिजवायचे. पण त्या लाल रश्श्याचा पाया बहुतेक ठिकाणी बैलाच्या चरबीचा असतो. तुम्ही कोंबडीच मागवली तरी ती त्याच चरबीत शिजणार. म्हणून बसण्यापूर्वीच 'छिंग यो', म्हणजे वनस्पती तेलाचा रस्सा आहे का, हे विचारावे. पुष्कळ ठिकाणी असतो. शिवाय भांड्याला मधे पडदा असलेला प्रकार मिळतो, एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला सौम्य पांढरा रस्सा. त्याचे नाव जोडीने राहणाऱ्या एका बदकावरून पडले आहे, जणू त्यांचा चक्रवाकच. पांढरा रस्साही बहुधा हाडांचा असतो, हे लक्षात असू द्यावे.

आणि कृपा करून तो लाल रस्सा वाटीत घेऊन पिऊ नका. तांबड्या रश्श्याच्या सवयीमुळे माझ्या एका कोल्हापूरच्या मित्राने पळीभर रस्सा वाटीत ओतून घेतला, तेव्हा शेजारच्या टेबलावरची आजी उठून आली आणि तिने त्याच्या हातातली वाटी काढून घेतली. तो रस्सा केवळ शिजवण्यासाठी असतो. शिजलेला तुकडा तिळाचे तेल, ठेचलेला लसूण आणि कोथिंबीर घातलेल्या छोट्या वाटीत बुडवून खायचा असतो, त्यामुळे त्याची धारही कमी होते.

मापो टोफू तुम्ही ऐकले असेलच. १८६२ च्या सुमारास चेंगडूतील एका पुलाजवळ चेन आडनावाच्या कुटुंबाची खाणावळ होती, आणि तिथे रांधणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. 'मापो' म्हणजे व्रण असलेली म्हातारी. त्यात परंपरेने गोमांसाचा खिमा असतो, तेव्हा तो वगळून मागावा लागेल. चवीचे मर्म आहे ते शेजारच्या पिश्यानच्या दोबानच्यांगमध्ये. बाकल्याचे दाणे आणि लाल मिरच्या मिठात घालून मातीच्या रांजणांत महिनोन्महिने मुरवतात, ऊन असेल तेव्हा झाकणे काढून रोज ढवळतात आणि पाऊस आला की धावत जाऊन झाकतात. गच्चीवरची कुरडई राखलेल्या माणसाला ही धावपळ वेगळी समजावून सांगायला नको.

रस्त्यावरचे सांगायचे तर दानदान नूडल्सपासून सुरुवात करा. 'दान' म्हणजे खांद्यावरची कावड. फेरीवाले कावडीच्या एका टोकाला शेगडी आणि दुसऱ्या टोकाला वाट्या-मसाले घेऊन फिरत, त्यावरून हे नाव आले. वाटी लहानच असते, पोटभरीची नव्हे. वर डुकराचा खिमा भुरभुरतात, तो नको म्हणून आधीच सांगा. गोड खायचे असेल तर 'सान दा पाव', म्हणजे तीन तोफा, शोधा. विक्रेता चिकट तांदळाचे तीन गोळे एकामागून एक फळीवर आपटतो, फळीवरच्या पितळी तबकड्या धडाधड वाजतात आणि गोळे उसळून सोयाबीनच्या भाजक्या पिठात जाऊन पडतात. वर काळ्या गुळाचा पाक. खाण्यापेक्षा ऐकण्यातच अर्धी मजा आहे.

दुपारी पीपल्स पार्कमधील हमिंग चहाघरात जा. १९२३ पासूनची ही जागा आहे. बांबूची खुर्ची, झाकण आणि बशी असलेला कप, मोगऱ्याचा वास असलेला चहा. पुन्हा पाणी हवे असेल तर झाकण काढून ठेवायचे, आणि तीन तास बसलात तरी कोणी उठवत नाही.

उत्तर २ : साधी खिचडी

ताई, यजमानांची काळजी करू नका, पण थोडी तयारी नक्की करा. मी जन्माचा शाकाहारी असून चेंगडूत सलग ५ महिने काढले. 'मांस नको' एवढे म्हणणे पुरत नाही. तिथल्या स्वयंपाक्याच्या दृष्टीने मांस म्हणजे मांसाचा तुकडा. त्यामुळे चरबीत परतलेली पालेभाजी किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला टोफू तो निर्मळ मनाने तुमच्यासमोर ठेवतो, आणि त्याने फसवले असे म्हणता येत नाही. 'सू' हा शब्द मात्र बौद्ध परंपरेतला असून त्याचा अर्थ नेमका आहे. फोनवर चिनी लिपीत एक मजकूर तयार ठेवा : मी सू खातो, मांस, मासे, अंडी, प्राण्यांची चरबी, मांसाचे पाणी आणि ऑयस्टर सॉस चालत नाही. माझा तो मजकूर एका सहकाऱ्याने लिहून दिला होता आणि त्याच्यावरच माझे ५ महिने निघाले.

सर्वांत निर्धास्त जागा म्हणजे वनशू मठ. वनशू हे आपल्या मंजुश्री बोधिसत्त्वाचेच चिनी नाव आहे. मठाच्या भोजनालयात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. गव्हाच्या चिकाचे, आळिंब्यांचे आणि टोफूचे पदार्थ हुबेहूब मासे किंवा कोंबडीसारखे दिसतील असे मांडतात, त्यामुळे तुमचे यजमान पहिल्या दिवशी दचकतील. तिथेच मोयू नावाची करडी, लवचीक वडी मिळते, ती सुरणाच्या चुलतभावाची आहे.

साध्या उपाहारगृहात नाळीची भाजी लसणावर परतलेली मिळते. आपल्याकडे ती तळ्याकाठी उगवते आणि फार थोडे लोक खातात, तिथे मात्र घरोघरी. वांगे, बटाटा आणि ढोबळी मिरचीची उत्तरेकडची 'दी सान श्यान' नावाची भाजी मागवावी. बटाट्याचा बारीक कीस व्हिनेगर-मिरचीवर परततात, तो मात्र कच्चट वाटेल. तो कच्चा नसतो, मुद्दाम करकरीत ठेवलेला असतो. मी दोनदा परत पाठवला आणि दोन्ही वेळा तसाच परत आला. 'मत्स्यगंधी' वांग्यांच्या नावाला घाबरू नये, त्यात मासा नसतो, कारण तो मासळीसाठी वापरायच्या मसाल्याचा गंध असतो. डुकराचा खिमा मात्र असू शकतो, म्हणून तिथेही 'सू' म्हणावे.

गोड पाण्याच्या नूडल्स म्हणतात त्या जाड, चिवट शेवया गोडसर सोया सॉस, तीळ आणि मिरचीच्या तेलात येतात, आणि त्यांत सहसा मांस नसते. त्याहून मला बिंगफन आवडे. एका रानटी झाडाचे बी फडक्यात बांधून पाण्यात चोळतात, चुन्याच्या निवळीने ते पाणी गोठते, आणि त्या पारदर्शक थरथरत्या वाटीवर गुळाचा पाक, शेंगदाणे व बेदाणे घालतात. सप्टेंबरच्या उकाड्यात यासाठी मी दोन स्थानके चालत जात असे.

उत्तर १ मध्ये मापो टोफू मांस वगळून खायला सांगितले आहे, त्यात एक भर. मठाच्या भोजनालयात आळिंबी घालून करतात ते खिम्याच्या टोफूपेक्षा कमी आहे असे मला मुळीच वाटत नाही, आणि या बाबतीत मी वाद घालायला तयार आहे.

उत्तर ३ : कोरडी भाकर

मी शिआनमध्ये शिकलो, त्यामुळे एक वेगळा सल्ला देतो. एखाद्या शनिवारी चेंगडूहून जलद रेल्वेने शिआनला जा. २०१७ च्या डिसेंबरात हा मार्ग सुरू झाल्यापासून ४ तासांच्या आसपास पोचता येते. तुम्ही डुकराचे मांस खात नाही, तर शिआनच्या मुस्लिम मोहल्ल्यासारखी निश्चिंत जागा शोधून सापडणार नाही. तिथे डुकराचे मांस नसतेच, आणि मटण भरपूर. गोमांसही असते, म्हणून मटणाचेच हवे हे स्पष्ट सांगावे.

तिथला यांगरो पाओमो खाण्याआधी राबावे लागते. समोर रिकामा वाडगा आणि दोन घट्ट, जाड भाकऱ्या येतात. त्या बोटांनी कुस्करून सोयाबीनच्या दाण्याएवढे तुकडे स्वतः करायचे; अर्धा तास सहज जातो. मी पहिल्यांदा कंटाळून मोठे तुकडे केले तर वाढणाऱ्या काकांनी वाडग्यात पाहिले, मान हलवली आणि वाडगा पुन्हा माझ्यासमोर ठेवून दिला. तुकडे मोठे राहिले तर आत रस्सा मुरत नाही, हे त्यांचे म्हणणे होते. मग तो वाडगा मुदपाकखान्यात जातो आणि मटणाच्या रश्श्यात उकळून परत येतो. सोबत गोड मुरवलेली लसूण. ढवळू नये, कडेकडेने खात जावे. गावाकडे मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करून जेवणारा माणूस परक्या देशात आहे हे त्या टेबलावर विसरतो.

दोघे असाल तर तीन पदार्थ, तिघे असाल तर चार, हा मागवण्याचा साधा हिशेब आहे. सर्व काही मधे ठेवून वाटून खातात. पैसे फोनवरून देतात, म्हणून अलीपे हे ॲप इथूनच उतरवून त्याला आपले कार्ड जोडून ठेवा. भट्टीत भाजलेली रताळी विकणारी बाईसुद्धा रोख घेताना कुरकुरते.

पुन्हा : रत्नागिरीची लेक

सर्वांचे मनापासून आभार. येऊन ५ आठवडे झाले, म्हणून कळवते आहे. 'छिंग यो' या दोन शब्दांनी मला तीनदा वाचवले. एकदा मी विचारायला विसरले. जेवण झाल्यावर ताटलीच्या कडेला सांडलेला रस्सा गोठून पांढरा झालेला दिसला तेव्हा काय ते समजले. सान दा पाव घराजवळच मिळतो, आणि विक्रेता आता मला पाहून मुद्दाम जोरात आपटतो.

मुख्य सांगायचे ते असे की, गेल्या रविवारी मी सहकारी मैत्रिणीच्या घरी माशाचे कालवण केले. बांगडा मिळाला नाही, तेव्हा नदीतला मासा घेतला, नारळाचे दूध डब्यातले घेतले, आणि तिरफळाऐवजी बाजारातले ओले हिरवे ह्वाच्याओ. वास थेट आमच्या परसातला आला, आणि त्याच भरात आईच्या मापाने ८ दाण्यांऐवजी ८ झुबके टाकले. मैत्रिणीच्या आईने दोनदा भात मागून घेतला. माझे ओठ मात्र संध्याकाळी चहाघरात पोचेपर्यंत जागेवर आले नव्हते. यजमान शेवटच्या २ आठवड्यांसाठी येत आहेत, वनशू मठाजवळच खोली घेतली आहे. खिचडीदादा, तो चिनी मजकूर इथे चिकटवता आला तर बरे होईल.