वाईट दिवसासाठीचा कागद: कॉलेजात असताना तुम्ही मनाची काय सोय करून ठेवली होती?

धागाकर्ती, गुहागर

धाकटा भाऊ यंदा दापोलीला कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहात राहायला गेला. आईने बॅगेत कुळथाचं पीठ, मेतकूट, आमसुलं भरली. मी एक कोरा कागद ठेवला आणि माझा जुना, भरलेला कागद त्याला वाचायला दिला.

मी रत्नागिरीत शिकत होते तेव्हा दुसऱ्या वर्षी जवळजवळ तीन आठवडे तासांना गेले नाही. खोलीत पडून असायचे. कोणी विचारलं की "पित्त झालंय" सांगायचे. त्यातून सावरल्यावर एका समुपदेशक ताईंनी तो कागद माझ्याकडून लिहून घेतला. सगळ्यात वर, बिनसायला लागलं की माझं काय होतं ते: डबा न उघडता परत जातो, केस विंचरायचे राहतात, आईचा फोन दोनदा कट करते. त्याखाली, तेव्हा एकटीने काय करायचं. मग कोणाच्यात जाऊन बसायचं, कोणाला खरं सांगायचं, डॉक्टर कोण, फोन कोणता. आणि जगणं नकोसं होण्यापर्यंत विचार जात असतील तर आणखी एक ओळ: घातक ठरेल असं काही हाताशी राहू नये याची तजवीज. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठी केलेली ही मांडणी आहे. ताईंनी ती माझ्यापुरती सोपी केली होती.

हा कागद बरं वाटत असतानाच लिहायला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मन खचलेलं असताना फोनमधला नंबर शोधणंही जड जातं. आणि "मित्रांशी बोलणे" असं मोघम लिहून भागत नाही. कोणता मित्र, किती वाजता मोकळा असतो, पहिलं वाक्य काय बोलायचं, इतकं हवं. माझं वाक्य होतं, "मला काही विचारू नकोस, फक्त इथे बसायला ये."

तुमच्या कागदावर काय होतं? जे कामी आलं नाही तेही लिहा.

चिपळूणचा, इंजिनिअरिंग, शेवटचं वर्ष

22 जुलै 2021 ला आमच्या तळमजल्यावर छताला टेकेल इतकं पाणी होतं. आम्ही वरच्या मजल्यावर रात्र काढली. तेव्हापासून हॉस्टेलवर रात्री पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की झोप उडते आणि मी वाशिष्ठी नदीची पातळी बघत बसतो. दर पाच मिनिटांनी. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला हात थरथरतात.

माझा कागद जून ते सप्टेंबरसाठी वेगळा आहे. पातळी रात्री दहाला एकदाच बघायची, मग मोबाइल रूममेटच्या उशीखाली. घरच्यांशी आधी ठरलं होतं की पाणी चढलं तर बाबा फोन करतील. फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक. हे साफ फसलं, कारण पुरात आधी रेंजच जाते, आणि फोन न येणं हीच माझ्यासाठी सगळ्यात भीतीदायक गोष्ट आहे. आता उलट केलंय. बाबा रोज नऊला "सुकं आहे" एवढाच मेसेज टाकतात. उन्हाळ्यातसुद्धा चुकवत नाहीत.

मालवणची, एम.एस्सी.

माझ्या कागदावर पहिलं नाव आईचं होतं आणि तेच चालेना. मी रडले की ती घाबरायची आणि म्हणायची, "तुका काय कमी आसा गो?" बाबा ट्रॉलरवर, दिवसेंदिवस रेंजबाहेर. कॉलेजला गेलेली घरातली मी पहिलीच. डोकं चालत नाही म्हणजे काय, हे तिला कोणत्या शब्दांत सांगणार? शेवटी नाव खोडून कुडाळच्या आत्याचं लिहिलं. त्या दिवशी फार अपराधी वाटलं होतं.

आत्याने मग आईला समजावलं असावं. दिवाळीनंतर एकदा फोनवर आईनेच विचारलं, "जेवाण गोड लागला काय?" तेव्हापासून तोच आमचा प्रश्न. "लागला" म्हटलं की विषय संपला. "नाय" म्हटलं की ती काही न विचारता आत्याला फोन लावते. आईचं नाव कागदावर परत आलंय, दुसऱ्या नंबरला.

रत्नागिरी

14416 बद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. टेली-मानस, केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा, 10 ऑक्टोबर 2022 पासून. मोफत, रात्रंदिवस, मराठीत बोलता येतं. मी रात्री अडीचला लावला होता. बोलायला शब्द फुटत नव्हता, तर पलीकडच्या बाई थांबून राहिल्या.

आमच्याकडे मनोरुग्णालय गावातच, त्यामुळे शाळेपासून चिडवायला तेच. ओपीडीला पहिल्यांदा गेलो तेव्हा तोंडाला रुमाल बांधून. कोणी ओळखीचं भेटेल ही भीती होती. भेटला, माझ्याच वर्गातला, रांगेत. उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलाय. अपवाद आहेत, उदाहरणार्थ जिवाला धोका असेल तर. हे आधी माहीत असतं तर वर्ष वाया गेलं नसतं.

प्राध्यापक, गाव सांगत नाही

मी ज्या कॉलेजात शिकलो तिथे समुपदेशन कक्षाची पाटी होती आणि दाराला कुलूप. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितलंय की 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा आणि हेल्पलाइनचे नंबर वसतिगृहात, वर्गात ठळक लावायला हवेत. पोरांनो, विचारा. अर्ज लिहून विचारा.

खानावळवाली, दापोली

माझं शिक्षण सातवी. मुलगी टाइप करून देतेय.

दोन वर्षांमागे एक मुलगा डबा न्यायला आला तेव्हा म्हणाला, "मावशी, माझ्या कागदावर तुमचं नाव लिहिलंय, चालेल ना?" मला वाटलं उधारीचं काही असेल. त्याने वाचून दाखवलं: दोन दिवस डबा न्यायला आलो नाही तर मावशींनी खोलीवर यावं. मी हो म्हटलं.

भाद्रपदात तो दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळीच पेज आणि लोणच्याची फोड घेऊन गेले. बराच वेळ कडी वाजवली. दार उघडलं तर खोलीत अंधार, कपडे तसेच. मी काही बोलले नाही, खाली बसले, पेज ताटलीत ओतली. त्याने निम्मी खाल्ली. मग म्हणाला, "कागद भिंतीला आहे." त्यावरचा दुसरा नंबर त्याच्या मामाचा होता. मामा संध्याकाळच्या गाडीने आला.

मुलगा पास होऊन गेला. यंदा चार मुलांनी घरचे नंबर आपणहून माझ्या डब्यांच्या वहीत लिहून दिलेत. धागाकर्तीचा भाऊ कोणत्या खानावळीत जेवतो ते कळवा.