गाठीपेक्षा शेजारचं यकृत बोलकं

'कर्करोगाच्या गाठीतली जनुकं किती सक्रिय आहेत ते मोजलं की रुग्ण किती जगेल ते कळतं', असं म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. यकृताच्या कर्करोगावर २००८ साली आलेल्या एका गाजलेल्या अभ्यासात उलटंच निघालं. गाठीतल्या जनुकांवरून अंदाज बांधता आला नाही, शेजारच्या बिनकर्करोगाच्या यकृतातल्या १८६ जनुकांवरून आला. सिरॉसिसने (यकृतात व्रण साचून ते कडक होणं) किंवा हिपॅटायटिसने (यकृताची सूज) पोखरलेल्या यकृतात गाठ काढली तरी काही वर्षांनी दुसरी उगवू शकते, जमीनच तशी झालेली असते. आणि हे सगळं फॉर्मालिन-मेणातल्या जुन्या ब्लॉकवर (ऑपरेशनात काढलेला तुकडा टिकवून मेणात बसवलेली वडी) केलं होतं, गोठवलेल्या ताज्या नमुन्यांवर नाही.

बाबांच्या यकृताच्या ऑपरेशननंतर सेकंड ओपिनियनसाठी ठाण्याहून पनवेल लोकलने खारघरला ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं कर्करोग केंद्र) गेलो, तर स्लाइडबरोबर ब्लॉकही मागितले. ते आधीच्या हॉस्पिटलातून मिळवायला माझ्या तीन खेपा झाल्या ('फाइल दिली ना, अजून काय?'). जनुकांची चाचणी कोणी सुचवली नाही, सगळी चर्चा बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि एएफपी या रक्तचाचण्यांवरच. तरी ते ब्लॉक आता माझ्या कपाटात आहेत. ज्यांच्या घरी ऑपरेशन झालंय त्यांनी पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये शेजारच्या यकृताबद्दल काय लिहिलंय तेही वाचा. आम्ही ती ओळ महिनाभर वाचलीच नव्हती.