जास्तीची दहा तिकिटं: फसवणूक की हिशोब?

शेपटीवाला: "१८० खुर्च्या आणि १९० तिकिटं, म्हणजे दहा जणांना हाकलायचं आधीच ठरलेलं" असं विमान कंपन्यांच्या ओव्हरबुकिंगवरच्या (जागांपेक्षा जास्त तिकिटं विकण्यावरच्या) लेखात ठोकून दिलंय. अहो, आकडेमोड तरी करा! तिकीट काढून न येण्याची शक्यता माणशी ०.०८ धरा. सरासरी १५.२ जण गैरहजर. जागा कमी पडायला गैरहजर नऊ किंवा त्याहून कमी हवेत. द्विपद वितरणाने (प्रत्येक जण इतरांपासून स्वतंत्रपणे येतो किंवा येत नाही असं धरून) त्याची शक्यता ५.६ टक्के. त्यातही बाहेर राहतात सरासरी दोनेक जण. १८०च विकलीत तर दर फेरीला १४.४ खुर्च्या रिकाम्या.

वजाबाकी: ५.६ कुठून? प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, ३.७४. हजेरीची सरासरी १७४.८. (१८० वजा १७४.८) भागिले ३.७४ म्हणजे १.३९. नॉर्मलने, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वक्राने, ८.२ टक्के येतात. सोयीचा आकडा छापलात.

शेपटीवाला: अर्ध्याची दुरुस्ती कोण करणार? माणसं पूर्णांकात मोजतात, वक्र सलग असतो. १८०.५ घ्या, ६.४ येईल. तरी शेपटीत, म्हणजे टोकाच्या आकड्यांत, फरक उरतोच, कारण ०.०८ ला वितरण तिरकं, एका बाजूला कललेलं असतं. स्प्रेडशीटमध्ये द्विपदाच्या बायनॉम-डिस्ट या सूत्राला ९, १९०, ०.०८, ट्रू द्या. नॉर्मलचा हट्ट कशाला?

घोळका: दशांशावरून भांडा खुशाल. मुळात प्रवासी स्वतंत्र आहेत कुठे? नवरा आजारी पडला की बायकोही येत नाही. ९५ जोड्या धरा: जागा कमी पडायला गैरहजर जोड्या चारपर्यंतच हव्यात, शक्यता ११.५ टक्के. बाहेर राहणाऱ्यांची सरासरी दर फेरीला ०.११ वरून ०.३७. हजेरीची सरासरी तीच, फुगलं ते विचलन. आणि ज्यातून उतरून लोक हे विमान पकडतात ते आधीचं जोडविमान लेट झालं की त्यातले सगळे एकदमच गायब.

शेपटीवाला: सगळेच जोडीने उडतात वाटतं? कामाला जाणारे एकटेच असतात. खरं उत्तर ५.६ आणि ११.५ च्या मधे कुठेतरी.

घोळका: चौघांची ४७ कुटुंबं आणि एक जोडी घ्या. २५ टक्के! बसवा आता मधे.

तिकीटखिडकी: शक्यता कसली मोजताय, खर्च मोजा. १९१ वं तिकीट विकायचं का? आधीच्या १९० पैकी किमान १८० हजर असण्याची शक्यता ०.०९९, गुणिले नव्या माणसाची हजेरी ०.९२, म्हणजे ०.०९१. इतक्या शक्यतेने एकाला उतरवावं लागेल. भाडं परत मिळणारं नसेल तर ते नक्की खिशात, म्हणून (१ भागिले ०.०९१) एकाला उतरवण्याचा खर्च भाड्याच्या साधारण अकरापटीखाली असेपर्यंत विकणं परवडतं. पर्यायी तिकीट, हॉटेल, भरपाई, सगळं त्यात आलं.

घोळका: अकरापट स्वतंत्र प्रवाशांची. जोड्या धरल्या की तो आकडा ०.२०, म्हणजे जेमतेम पाचपट. निम्म्याहून कमी!

वजाबाकी: वा, माणसाचा भावही ठरला. मग जबरदस्ती कशाला? ज्युलियन सायमन या अर्थतज्ज्ञाने १९६८ मध्येच सुचवलं होतं, बंद पाकिटात बोली मागवा, सगळ्यात कमी पैशांत जो थांबेल त्याला थांबवा.

तिकीटखिडकी: चेक-इनलाच मागवा. एकदा खुर्चीत बसला की माणूस जास्तच मागतो.

शेपटीवाला: बरं बाबा, घोळक्याचं घेतो: गटाने काढलेली तिकिटं वेगळी मोजा. वजाबाकींचे ८.२ मात्र मेलो तरी घेणार नाही.

वजाबाकी: नका घेऊ. आधी तुमचे ०.०८ कुठून आले ते सांगा.