मदत हवी आहे: उन्हासाठी तीन थरांचा पडदा शिवतेय, मशीन टाके सोडतंय

भुसावळला राहते. हॉलची खिडकी थेट पश्चिमेला, चार फूट रुंद, पाच फूट उंच. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी तीननंतर त्या बाजूला बसवत नाही. म्हणून जाड पडदा घरीच शिवायला घेतलाय. खोलीकडून सुती कापड, मधे जुनी सोलापुरी चादर, काचेकडून पांढरं ब्लॅकआउटचं, म्हणजे उजेड अडवणारं, अस्तर.

कडा नीट शिवल्या गेल्या. पण थर सरकू नयेत म्हणून गोधडीसारखे आडवे धावदोरे घालायला गेले, तर पायमशीन टाके सोडतं. १४ नंबरची सुई मोडली, १६ ची लावली, दोऱ्याचा ताण सैल केला, टाका लांब केला. फरक थोडाच. वर अस्तराला सुईची भोकं पडली ती वेगळीच. उन्हात धरलं तर दुपारीच चांदण्या!

घर भाड्याचं, त्यामुळे बाहेरून तट्ट्या किंवा हिरवी जाळी सुचवू नका, मालक ऐकणार नाहीत. कूलर दुसऱ्या खिडकीत आहे, ही बंदच असते. धुळीमुळे महिन्याला पडदा धुवावा लागणार. रॉड भिंतीपासून तीन इंच पुढे आहे, त्या फटीतून तापलेली हवा वरून खोलीत येते.

अस्तर चादरीला न शिवता वेगळं, फक्त वरच्या पट्टीत अडकवलं तर चालेल का? आणि भिंतीला भोक न पाडता वरची फट कशी बुजवू?