ड्रॅगस्टरचे इंजिन चालकाच्या मागे का गेले?

प्रश्न: जुन्या छायाचित्रांत टॉप फ्युएल ड्रॅगस्टरचे (सरळ पट्टीवरच्या ड्रॅग शर्यतीतील लांबट, अतिवेगवान गाडीचे) इंजिन चालकाच्या पुढे दिसते, आता ते मागे असते. हा बदल वेगासाठी झाला का?

उत्तर १: नाही, जिवासाठी. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातील लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर चालक डॉन गार्लिट्स यांच्या ड्रॅगस्टरचा गिअरबॉक्स सुरुवातीलाच फुटला, गाडी दुभंगली आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग तुटला. कारण ती यंत्रणा चालकाच्या पायांपाशीच असे. पुढच्याच वर्षी मागे इंजिन असलेल्या गाडीने त्यांनी विंटरनॅशनल्स ही ड्रॅग शर्यतीची स्पर्धा जिंकली.

उत्तर २: फनी कारचे (साध्या मोटारीसारखा सांगाडा असलेल्या ड्रॅग शर्यतीच्या गाडीचे) इंजिन मात्र आजही पुढेच असते. २००८ मध्ये इंग्लिशटाउन येथे इंजिनाच्या स्फोटानंतर फनी कार थांबू न शकल्याने तिचे चालक स्कॉट कॅलिटा यांचा मृत्यू झाला. त्यानंतर नायट्रो गटांची (नायट्रोमिथेन इंधनावर चालणाऱ्या टॉप फ्युएल व फनी कार गटांची) शर्यत १३२० फुटांवरून १००० फुटांवर आणली गेली, आणि माझ्या मते तो निर्णय आधीच व्हायला हवा होता.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पायांपाशी असलेल्या गिअरबॉक्सचा मी कधी विचारच केला नव्हता.