मदत हवी आहे: आत्याचा कॅन्सर हाडांत गेलाय, रात्रीच्या दुखण्याचं काय करू? (डिचोली)

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, समजून घ्या. माझी आत्या, सत्तरीच्या पुढची, लग्न केलं नाही तिने, आमच्याकडेच असते. ब्रेस्ट कॅन्सर होता, ऑपरेशन केमो सगळं झालं, आता तो मणक्यात आणि कमरेत पसरलाय. डॉक्टर म्हणाले आता बरं करायचे उपाय नाहीत, घरी न्या, सांभाळा. सांभाळा म्हणजे नेमकं काय करा ते कुणी सांगितलं नाही.

दिवसा कुणी भेटायला आलं की उठून बसते, पदर नीट करते, "बरी आसा गो" म्हणते. रात्री कूस बदलताना उशीचा कोपरा दातांत धरते, आवाज होऊन आई उठू नये म्हणून. ट्रामाडोल चालू आहे, दोन-तीन तास बरं मग परत तेच. आता मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्यात पण इथल्या फार्मसीत नाहीत, एका ठिकाणी तर माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी गर्दच मागतेय. वर काका म्हणतात ते शेवटचं औषध, सुरू केलं की माणूस गेलाच, नाहीतर सवय लागते. खरंय का हे? गोव्यात मिळतं कुठे? आणि सगळं आईच करते, तिचीच आता कंबर धरलीय, घरी येऊन बघणारं किंवा थोडे दिवस ठेवून घेणारं कुणी आहे का?

शिरोड्याची नर्स (आता रिटायर)
बाय, आधी काकांचं. मॉर्फिन हे शेवटचं औषध नाही, जास्त दुखण्याचं औषध आहे. डॉक्टरने ठरवलेल्या डोसने मरण लवकर येत नाही, आणि दुखण्यासाठी घेणाऱ्याला व्यसन लागणं फारच कमी. वर्षानुवर्षं घेणारे पेशंट मी बघितलेत. डोस वाढवावा लागला तर बहुतेक वेळा दुखणं वाढलेलं असतं, म्हणून घाबरू नका. ट्रामाडोल ही मधली पायरी, ती पुरत नसेल तर वर जायचंच, पण दोन्ही एकत्र द्यायची की जुनी बंद करायची ते डॉक्टरला विचारून.

मॉर्फिनची साधी गोळी साधारण चार तासांनी असते आणि ती घड्याळ लावून द्यायची, दुखायची वाट बघत बसायचं नाही. बारा तासांची वेगळी मिळते, ती चुरडायची नाही की तोडायची नाही. पहिले काही दिवस गुंगी, मळमळ होते मग ओसरते. शौचाला घट्ट होण्याचा त्रास मात्र जात नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या, नुसत्या पेजेने आणि पपईने भागत नाही. किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगा. आणि रेडिएशनचं विचारलंत का? हाडाच्या दुखण्याला कधी कधी एकाच बैठकीत भागतं, फरक पडायला एक-दोन आठवडे लागतात.

फोंडेकर
सगळ्या फार्मसीत न मिळायचं कारण १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा. त्याच्या धाकाने दुकानदार ठेवतच नाहीत. २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मान्यता मिळालेल्या हॉस्पिटलांना सोपं झालं, पण गल्लीतल्या दुकानात अजून तेच. त्यामुळे दुकानं फिरू नका, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) कॅन्सरच्या ओपीडीत विचारा, शब्द 'पॅलिएटिव्ह केअर' (दुखणं आणि त्रास कमी करणारे उपचार) असा वापरा. घरी येणारी टीम तुमच्या भागात आहे का तेही तिथेच कळेल. फाइल आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन जा. पेशंटला हलवायची गरज नाही, घरच्या एकाने आधी जाऊन विचारलं तरी चालतं बहुतेक.

ठेवून घेण्यासाठी लोटलीला शांती अवेदना सदन आहे, पुढच्या स्टेजच्या कॅन्सरवाल्यांसाठीच, पैसे घेत नाहीत, जातधर्म विचारत नाहीत. आमच्या सासऱ्यांना तिथे नेलं तेव्हा नातेवाईक बोलले, टाकून आले म्हणून. बोलू द्या. तिथे गेल्यावर ते रात्री झोपायला लागले आणि आम्हीही.

धागाकर्ती
देव बरें करूं दोघांचं. काकांना नर्सताईंचा मेसेज वाचून दाखवला, ते काही बोलले नाहीत पण आईला म्हणाले उद्या बांबोळीला मी जातो. एक राहिलं, आत्या कालपासून म्हणते पायांना मुंग्या येतात, जड वाटतात. वयामुळे असेल ना?

शिरोड्याची नर्स (आता रिटायर)
नाही, वयावर ढकलू नका. मणक्यात कॅन्सर आणि पाय जड म्हणजे नसांच्या मुख्य दोरीवर दाब येत असू शकतो. लघवी नीट होतेय का आत्ता विचार. उद्यापर्यंत थांबायचं नाही, आजच न्यायचं, १०८ ला फोन कर, पाठीला झटका न देता सपाट झोपवून न्या आणि तिथे पहिलं वाक्य हेच सांगा की कॅन्सर मणक्यात आहे आणि पायांतली ताकद जातेय. वेळेवर उपचार झाले तर चालणं वाचू शकतं. काकांना सोबत घे. पोचलीस की इथे लिही.